'गो ऑफ'चं जर्मन काय? इंग्रजी फ्रेझल व्हर्ब जर्मनमध्ये नेताना

चार वाक्यं घ्या. 'द मिल्क वेंट ऑफ', 'द अलार्म वेंट ऑफ', 'द बॉम्ब वेंट ऑफ', 'द लाइट्स वेंट ऑफ'. इंग्रजीने चारही ठिकाणी एकट्या 'गो ऑफ'वर, म्हणजे क्रियापद आणि छोटा शब्द मिळून झालेल्या एका फ्रेझल व्हर्बवर, भागवलंय. आता हेच मराठीत म्हणा: दूध नासलं, गजर वाजला, बॉम्ब फुटला, दिवे गेले. चार वेगळी क्रियापदं झाली, आणि त्यासाठी डिक्शनरी उघडावी लागली नाही. जर्मन इथे मराठीसारखीच वागते. दूध 'झाउअर गेवोर्डेन', गजर 'गेक्लिंगेल्ट', बॉम्ब 'एक्स्प्लोडीर्ट' आणि दिवे 'आउसगेगांगेन'. पण एखाद्याने 'गो' म्हणजे 'गेहेन', 'ऑफ' म्हणजे 'आब', असं जोडकाम करून 'आबगेहेन' लिहिलं तर? 'आबगेहेन' हा खरा जर्मन शब्द आहे त्यामुळे स्पेलचेकर गप्प बसतो, फक्त तो शर्टाचं बटण तुटून पडलं की वापरतात. म्हणजे वाचणाऱ्या जर्मन माणसाला वाटणार की दुधाचं काहीतरी निखळून पडलं.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला किंवा माक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेली बरीच मंडळी पुढे ट्रान्सलेशन, आयटी सपोर्ट, मॅन्युअल्स अशा कामात जातात, आणि तिथे मूळ मजकूर जवळजवळ कायम इंग्रजीच असतो. त्यांच्यासाठी हे लिहितोय. म्हणणं एकच आहे, इंग्रजीतून थेट जर्मनला जाऊ नका, मधे मराठीत थांबा. वेळ वाया जाईल असं वाटतं खरं, पण फ्रेझल व्हर्बच्या बाबतीत हाच रस्ता जवळचा पडतो.

(जर्मन शब्द इथे देवनागरीत कानाला वाटतात तसे लिहिलेत, उमलाउट (स्वरावरचे दोन ठिपके) वगैरे नीट बसत नाहीत, तेव्हा वापरायच्या आधी स्पेलिंग डिक्शनरीत बघून घ्या.)

आधी नाम बघा, क्रियापद नंतर

फ्रेझल व्हर्ब दिसलं की डोळा आपोआप त्याच्यावरच जातो, आणि गडबड तिथेच होते. आधी बघायचं की हे कोणाबद्दल किंवा कशाबद्दल चाललंय. 'ब्रेक डाउन' घ्या. गाडी असेल तर मराठीत गाडी बंद पडली, जर्मनमध्ये 'दास आउटो इस्ट लीगेनगेब्लीबेन', किंवा सरळ 'आयने पाने' झाली. बोलणी असतील तर बोलणी फिसकटली, 'डी फेरहांडलुंगेन झिंट गेशायटर्ट'. माणूस असेल तर कोसळला, 'त्सुझामेनगेब्रोखेन', पण इंग्रजीत पुढे 'इन टिअर्स' आलं असेल तर तो कोसळलेला नाही, त्याला रडू फुटलंय, आणि जर्मनमध्ये तेव्हा 'इन ट्रेनेन आउसगेब्रोखेन' म्हणतात. खर्चाचे आकडे असतील तर खर्चाची फोड करून दाखवली, 'आउफश्ल्युसेल्न'. यकृत अल्कोहोलचं विघटन करतं ते 'आबबाउएन'. आता हे सगळे अर्थ 'ब्रेक डाउन = अमुक' अशी एक ओळ पाठ करून कसे जमणार, म्हणून वहीत लिहायचंच असेल तर नामासकट लिहा, नुसतं क्रियापद कधीच नको.

'पुट ऑफ'मध्ये तर मराठी अगदी हात धरून नेते. मीटिंग पुढे ढकलली, जर्मन 'फेरशोबेन'. यातलं 'शीबेन' म्हणजे शब्दशः ढकलणेच. आणि कामाची चालढकल करतोय, तर 'आउफशीबेन', परत तेच ढकलणं. तिसरा अर्थ वेगळा आहे, 'डोन्ट बी पुट ऑफ बाय द प्राइस', म्हणजे किंमत बघून बिचकू नका. इथे ढकलणं नाही, इथे 'आबश्रेकेन', 'लासेन झी झिश फोम प्रायस निश्ट आबश्रेकेन'. मराठीत वाक्य करून बघितलं की हा तिसरा अर्थ आपोआप वेगळा पडतो, 'पुढे ढकलणे' जिभेवर येतच नाही.

मराठीत वाक्य करायचं तेव्हा एक पथ्य पाळा, साधं बोलीतलं क्रियापद घ्या. 'कार्यान्वित करणे', 'संपुष्टात येणे' असलं सरकारी मराठी घेतलंत तर फायदा शून्य, कारण ते स्वतःच बरेचदा इंग्रजीवरून बेतलेलं असतं. आजी शेजारणीला हे कसं सांगेल तसं सांगा.

मला सुचलं, मला जमलं

मराठी माणसाला जर्मनमध्ये खरा फायदा मिळतो तो इथे, आणि क्लासमध्ये हे फार कोणी सांगत नाही. इंग्रजीला बहुतेक ठिकाणी 'आय' लागतो. आय रॅन आउट ऑफ मनी, आय केम अप विथ अ सोल्यूशन, जणू काही मीच सगळं केलं. मराठीत आपण मला उपाय सुचला असं म्हणतो, उपाय कर्ता आणि मी 'मला'. जर्मनमध्ये हुबेहूब तसंच, 'मीर इस्ट आयने लोझुंग आयनगेफालेन'. 'मीर' म्हणजे आपला 'मला', डाटिव्ह (आपली चतुर्थी). पैसे संपले, तर संपणारे पैसे आहेत, 'मीर इस्ट दास गेल्ट आउसगेगांगेन'. 'ही पुल्ड इट ऑफ' म्हणजे त्याला ते जमलं, 'एस इस्ट ईम गेलुंगेन'. 'इट डॉन्ड ऑन मी' म्हणजे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आता बघा, जर्मन म्हणतात 'मीर गिंग आयन लिश्ट आउफ', त्यांच्याकडेही दिवाच लागतो. इंग्रजीतून थेट गेलेला माणूस अशा बहुतेक वाक्यांची सुरुवात 'इश'ने, म्हणजे 'मी'ने, करतो आणि मग पुढचं वाक्य कुठेतरी लंगडतं.

'कम अप विथ'मध्ये आणखी एक बारकावा आहे. सुचणं आपसूक असतं, पण बॉसने सांगितलं की उद्यापर्यंत काहीतरी सुचव, डोकं लढव, तर ते आपसूक नाही. तेव्हा 'झिश एत्वास आयनफालेन लासेन' किंवा 'झिश एत्वास आउसडेंकेन'. मराठीत आपणही इथे 'सुचलं' सोडून 'शोधून काढ', 'डोकं चालव' असंच म्हणतो ना.

आता मराठी कुठे कमी पडते तेही सांगतो, नाहीतर तुम्ही फार भरवसा ठेवाल. 'टेक ऑफ' घ्या. कपडे काढणे, बूट काढणे, चष्मा काढणे, टोपी काढणे, आपल्याला सगळीकडे 'काढणे' चालतं. जर्मनमध्ये कपडे, बूट 'आउसत्सीएन' आणि चष्मा, टोपी 'आबनेमेन' किंवा 'आबझेत्सेन'. म्हणजे ज्याच्यात अंग शिरतं ते वेगळं आणि जे वरून ठेवलंय ते वेगळं. (नुसतं 'आबनेमेन' म्हणजे वजन कमी होणे, डाएटवाल्या जाहिरातीत दिसेल.) सुट्टी घेतली तर 'झिश फ्रायनेमेन'. विमान 'आबहेबेन' करतं, 'श्टार्टेन' पण चालतं. आणि धंद्याने जोर धरला, करिअरने उचल खाल्ली, या अर्थाचं 'टेक ऑफ' असेल तर 'दुर्शश्टार्टेन' वापरतात, जे गमतीचं आहे कारण विमानाच्या भाषेत त्याचा अर्थ उतरता उतरता न उतरता परत वर जाणे. दोन्ही भाषांनी विमानतळावरूनच रूपक उचललं, पण वेगवेगळ्या वेळचं. दुसरी मर्यादा म्हणजे 'झिश', 'स्वतःला' या अर्थाचा. 'टर्न आउट'ला 'झिश हेराउसश्टेलेन', 'लुक फॉरवर्ड टू'ला 'झिश फ्रॉयेन आउफ', 'ब्रेक अप'ला 'झिश ट्रेनेन', हा 'झिश' मराठीतून कधीच दिसणार नाही, तो क्रियापदाबरोबरच पाठ करावा लागतो, इलाज नाही. आणि आपली 'लाइट गेली' पण फसवी आहे. एक बल्ब गेला का सगळ्या गल्लीत अंधार झाला? दुसरं असेल तर 'डेर श्ट्रोम इस्ट आउसगेफालेन', तिथे 'लिश्ट' घालू नका.

कुठले पार्टिकल भरवशाचे

सगळेच पार्टिकल, म्हणजे क्रियापदामागचे 'ऑफ', 'अप' असे छोटे शब्द, काही दगा देत नाहीत. 'अलाँग'ला 'मिट' जवळजवळ नेहमी जमतं: कम अलाँग 'मिटकोमेन', ब्रिंग अलाँग 'मिटब्रिंगेन', सिंग अलाँग 'मिटझिंगेन', आणि प्ले अलाँग लाक्षणिक अर्थानेसुद्धा 'मिटश्पीलेन'च. (गेट अलाँग मात्र नाही, तिथे 'आउसकोमेन' किंवा 'झिश फेरश्टेहेन'.) 'चालू ठेवणे' या अर्थाचा 'ऑन' असेल तर 'वायटर', रीड ऑन 'वायटरलेझेन', ड्राइव्ह ऑन 'वायटरफारेन', कॅरी ऑन 'वायटरमाखेन'. 'बॅक'ला 'त्सुर्युक'. 'अवे'ला 'वेक' बऱ्याचदा, पण गिव्ह अवे असेल तर 'फेरशेंकेन', आणि गुपित गिव्ह अवे केलं म्हणजे फोडलं, तर 'फेराटेन'. संधी घालवली, 'फेरश्पील्ट'. हा 'फेर' हातातून जाणं, वाया जाणं दाखवतो, लक्षात ठेवण्यासारखा आहे.

'इन' आणि 'आउट' नुसतं हालचालीसाठी असेल तर 'हिन' आणि 'हेर' बघावे लागतात, बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. आपल्याला ते अवघड नाही, 'आत ये' आणि 'आत जा' यातला फरक आपण रोज करतो. ये असेल तर 'हेराइन', जा असेल तर 'हिनाइन'.

'अप' सगळ्यात दगाबाज. 'इट अप' म्हणजे खाऊन टाक, 'आउफएसेन'. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक, पण तिथे 'आउस', 'आउसट्रिंकेन'. 'यूज अप' 'आउफब्राउखेन'. आपल्याकडे हे काम एकटा 'टाकणे' करतो, खाऊन टाक, पिऊन टाक, संपवून टाक, म्हणून 'अप' दिसला की पहिला प्रश्न हा विचारा की मराठीत इथे 'टाक' लागतोय का. लागत असेल तर 'अप'चा अर्थ वर नाही, पूर्ण संपवणे आहे, आणि मग 'आउफ', 'आउस', 'फेर' यातलं काय हे डिक्शनरी सांगेल. आणि 'आब', 'आन', 'आउफ', 'आउस' या चौकडीबद्दल अंदाज बांधू नका, सरळ बघा.

ओळखीचे वाटणारे चोर

काही जोड्या अशा आहेत की अक्षरशः जुळतात आणि म्हणूनच बुडवतात. 'द प्लॅन फेल थ्रू'. 'फॉल' म्हणजे 'फालेन', 'थ्रू' म्हणजे 'दुर्श', झालं 'दुर्शफालेन'. जर्मन माणसाला वाटतं तुमचा प्लॅन परीक्षेत नापास झाला, कारण 'दुर्शफालेन' म्हणजे नापास होणे. बेत फिसकटला म्हणायचं तर 'इन्स वासर गेफालेन', पाण्यात पडला, किंवा ठरलेली भेट असेल तर 'गेप्लात्स्ट', फुटली. तसंच 'ओव्हरहिअर'. हे काही फ्रेझल व्हर्ब नाही पण त्याच कुळातलं आहे. 'यूबरहोरेन' म्हणजे ऐकू न येणे किंवा कानाआड करणे, इंग्रजीच्या बरोब्बर उलट. चुकून कानावर पडलं असेल तर 'त्सुफेलिश गेहोर्ट'.

'लुक'चं कुटुंब मजेशीर आहे. कोणाला मानतो, त्या अर्थाचं 'लुक अप टू' असेल तर 'त्सु येमांडेम आउफशाउएन', चक्क जुळतं. तुच्छ लेखणे, 'लुक डाउन ऑन', 'आउफ येमांडेन हेराबझेहेन', तेही जुळतं. मग डिक्शनरीत शब्द 'लुक अप' करायला जाल तर 'नाखश्लागेन', काही संबंध नाही. 'लुक आफ्टर' म्हणजे काळजी घेणे, 'झिश क्युमेर्न उम', आणि 'आफ्टर' म्हणून 'नाख' लावून 'नाखझेहेन' केलंत तर त्याचा अर्थ 'जरा बघून येतो'. 'लुक इनटू' म्हणजे तपास करणे, 'आयनर झाखे नाखगेहेन', मराठीत आपण मागोवा घेतो म्हणतो तसंच काहीसं, आणि हे डाटिव्ह घेतं.

उलट्या दिशेने पण सावध राहावं लागतं. 'गिव्ह अप'ला 'आउफगेबेन' बरोबर आहे, आशा सोडणे, लढा सोडणे, सगळीकडे चालतं. सिगारेट सोडायची असेल तर 'मिट डेम राउखेन आउफहोरेन' जास्त ऐकू येतं. पण तोच 'आउफगेबेन' पोस्टात पार्सल देताना, विमानतळावर सामान चेक इन करताना, पेपरात जाहिरात देताना, ऑर्डर नोंदवताना आणि मास्तरांनी गृहपाठ देतानाही येतो. तेव्हा जर्मनमध्ये कुणी बॅग 'आउफगेबेन' केली म्हणून हळहळू नका. 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणे, तिथे 'नाखगेबेन'. आणि 'आनगेबेन'चं तर दोन टोकं, सरकारी फॉर्मवर पत्ता नमूद करणे आणि कट्ट्यावर फुशारक्या मारणे. 'शो ऑफ'ला हाच शब्द वापरायचा.

कोणासमोर बोलताय

इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब आलं की सूर सैल होतो, 'टॉलरेट'पेक्षा 'पुट अप विथ' घरगुती वाटतं. जर्मन उपसर्गवाल्या क्रियापदांचं तसं नाही, 'दुर्शफ्युरेन' करारात पण येतं आणि बोलण्यात पण. त्यामुळे सूर वेगळा तपासावा लागतो. 'फाइंड आउट' घ्या: पोलीस किंवा रिपोर्ट असेल तर 'एरमिटेल्न', सर्वसाधारण 'हेराउसफिंडेन', मित्राशी बोलताना 'राउसक्रीगेन'. एक सोपी खूण म्हणजे 'हेराउस', 'हेराइन', 'हेरुंटर' यांचं तोडून 'राउस', 'राइन', 'रुंटर' झालं की भाषा बोलीत उतरली, मॅन्युअलमध्ये ते नको. सभेत विषय 'ब्रिंग अप' केला तर साधं 'आनश्प्रेशेन', आणि औपचारिक पत्रात 'त्सुर श्प्राखे ब्रिंगेन'.

'पुट अप विथ'ला मराठी परत कामाला येते, कारण आपल्याकडे याच्या छटा भरपूर आहेत. खपवून घेणे, 'झिश गेफालेन लासेन'. 'हे मी खपवून घेणार नाही' याला 'दास लासे इश मीर निश्ट गेफालेन', त्यात तोच ठसका आहे. सोसणे, 'आउसहाल्टेन'. निमूटपणे मान्य करणे, 'हिननेमेन'. नाइलाजाने जुळवून घेणे, 'झिश आबफिंडेन मिट'. इंग्रजी वाक्यातल्या माणसाची यातली नक्की कुठली अवस्था आहे ते मागचापुढचा परिच्छेद वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून सेगमेंट सेगमेंट करून देणाऱ्या टूलमध्ये काम करत असाल तर आधी पूर्ण फाइल एकदा वाचा, कितीही घाई असली तरी.

मरणाच्या बाबतीत सूर चुकला तर माफी नाही. 'पास्ड अवे'ला 'फेरश्टोर्बेन', आणि पेपरातल्या निधनाच्या जाहिरातीत 'एंटश्लाफेन', चिरनिद्रा घेतली यासारखं. 'डेन लोफेल आबगेबेन', चमचा परत देणे, हे गमतीत, आणि 'आबक्रात्सेन' म्हणजे आपलं 'गचकला', त्याहूनही जरा वाईटच. 'पास'वरून 'पास आउट' पण इथेच सांगून टाकतो, बेशुद्ध पडणे, 'इन ओनमाख्ट फालेन', बोलीत 'उमकिपेन'. आणि निरोप 'पास ऑन' केला तर 'वायटरगेबेन', परत तो भरवशाचा 'वायटर'.

तुटणारा उपसर्ग आणि पाणिनी

शब्द बरोबर सापडला तरी व्याकरण राहतंच. उच्चाराचा जोर उपसर्गावर असेल तर उपसर्ग तुटतो आणि वाक्याच्या शेवटी जातो, 'इश गेबे दास राउखेन आउफ', पर्फेक्टमध्ये (होऊन गेलेल्या क्रियेच्या रूपात) 'गे' मधे घुसतो, 'आउफगेगेबेन', आणि 'त्सु' पण मधेच, 'आउफत्सुगेबेन'. 'बे, गे, एर, फेर, त्सेर, एंट, एंप, मिस' हे आठ कधी तुटत नाहीत आणि पर्फेक्टला 'गे' घेत नाहीत. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

डोकेदुखी 'यूबर, उम, दुर्श, उंटर' यांची, कारण हे दोन्हीकडून खेळतात, आणि लाक्षणिक अर्थाचा धागा बरेचदा इथेच सापडतो. 'यूबर'वर जोर देऊन 'यूबरझेत्सेन' म्हणजे नावेने पलीकडे नेणे, तुटतं. 'झेत्सेन'वर जोर दिला की भाषांतर करणे, तुटत नाही, पर्फेक्टमध्ये 'यूबरझेत्स्ट', 'गे' नाही. म्हणजे आपल्या धंद्याचं नावच याच भानगडीत आहे. 'सी थ्रू समवन' म्हणजे एखाद्याचा डाव ओळखणे, 'दुर्शशाउएन', जोर 'शाउ'वर, तुटत नाही. 'टेक ओव्हर'ला 'यूबरनेमेन', कंपनीचा ताबा घेणे, तेही तुटत नाही. ढोबळमानाने, लाक्षणिक अर्थ न तुटणाऱ्याकडे जास्त झुकतो. पण नियम म्हणून डोळे मिटून धरू नका, 'उमगेहेन' बघा: 'डील विथ'साठी 'मिट क्रिटीक उमगेहेन' तुटतं, 'एर गेट गुट दामिट उम', आणि नियमाला बगल देणे, 'गेट अराउंड अ रूल', हे तुटत नाही, 'एर उमगेट दास फेरबोट'. दोन्ही लाक्षणिकच. गाडीचं 'उमफारेन' तर बदनामच आहे, जोर 'उम'वर दिलात तर झाड पाडून गेलात, 'फार'वर दिलात तर झाडाला वळसा घालून गेलात.

हे सगळं परकं वाटत असेल तर आपला जुना श्लोक आठवा, 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्'. एकाच 'हृ' धातूला उपसर्ग बळजबरीने कुठल्या कुठे ओढून नेतात. 'प्रहार'मधला मार आणि 'आहार'मधलं जेवण यांचा जसा संबंध लावत बसत नाही, तसा 'होरेन' ऐकणे आणि 'आउफहोरेन' थांबणे यांचा लावत बसू नका. आणि वेदांच्या भाषेत तर उपसर्ग धातूपासून लांब पण जायचा, पाणिनीने त्यासाठी 'व्यवहिताश्च' असं वेगळं सूत्र दिलंय. तेव्हा तुटणारा उपसर्ग ही जर्मनांची मक्तेदारी नाही.

एक स्पेलिंगची गोष्ट, कारण प्रूफरीडर यावर अडतात. 2006 च्या सुधारित नियमांनुसार 'ब्लायबेन' आणि 'लासेन'ची जोडी लाक्षणिक अर्थाने असेल तर एकत्र लिहिता येते. 'झित्सेन ब्लायबेन' तोडून म्हणजे बसून राहणे, आणि एकत्र लिहिलं की त्याच वर्गात बसणे, म्हणजे नापास. 'लेट डाउन'साठी 'झित्सेनलासेन' पण तसंच, जरी मला तिथे 'इम श्टिश लासेन' जास्त आवडतं. एकत्र लिहिणं सक्तीचं नाही, पण क्लायंटचा स्टाइल गाइड असेल तर तो बघा आणि एका फाइलमध्ये एकच पद्धत ठेवा.

तपासायचं कसं

मराठीतून जर्मन शब्द मनात आला की तो उलटा तपासा. एकभाषी डिक्शनरी घ्या, डुडेनची वेबसाइट किंवा बर्लिनच्या अकादमीचं डीडब्ल्यूडीएस, दोन्ही फुकट. डुडेनमध्ये अर्थाला 'उमगांग्सश्प्राखलिश' म्हणजे बोलीतला, 'गेहोबेन' म्हणजे भारदस्त अशी चिठ्ठी लावलेली असते, ती न वाचता पुढे जाऊ नका. डीडब्ल्यूडीएसमध्ये 'वोर्टप्रोफील' म्हणून भाग आहे, त्यात हे क्रियापद कुठल्या कुठल्या नामांबरोबर येतं ते दिसतं, आणि आपलं नाम त्या यादीत किंवा त्याच्या जवळपास कुठे नसेल तर समजायचं की काहीतरी चुकतंय. लिंग्वी, लिओ, डिक्ट डॉट सीसी हे द्विभाषी आहेत, आयडिया मिळवायला उत्तम, निर्णय घ्यायला नाही. लिंग्वीची वाक्यं खूपदा अधिकृत कागदपत्रांतली असतात, तिथला 'सेट अप' म्हणजे समिती स्थापन करणे, 'आयनझेत्सेन', आणि तुमचा 'सेट अप' प्रिंटरचा असतो, 'आयनरिश्टेन'. (कोणाला खोट्यात अडकवलं, गंडवलं या अर्थाचा 'सेट अप' असेल तर 'राइनलेगेन'.) डीपएल हे मशीन ट्रान्सलेशन सोपी वाक्यं छान करतं, पण सुटं सुटं 'टर्न डाउन' दिलंत तर त्याने तरी काय करावं, ऑफर नाकारायची का आवाज कमी करायचाय? 'आबलेनेन' का 'लायझर श्टेलेन'? पूर्ण वाक्य द्या.

सॉफ्टवेअरची बटणं करत असाल तर थोडं वेगळं आहे. जर्मन बटणांवर मूळ रूप येतं आणि कर्म आधी, 'डाटाय हेरुंटरलाडेन', 'कोंटो आयनरिश्टेन', आपल्या 'फाइल डाउनलोड करा' सारखाच क्रम. त्यामुळे 'टर्न ऑफ' आणि पुढे व्हेरिएबल (जिथे नंतर नाव भरलं जातं ती जागा) अशी स्ट्रिंग (मजकुराची ओळ) आली तर व्हेरिएबल पुढे आणा आणि 'आउसशाल्टेन' मागे ठेवा, पूर्ण वाक्य करायला गेलात तर 'शाल्टेन झी' सुरुवातीला, 'आउस' शेवटी, आणि मधल्या व्हेरिएबलला आर्टिकल कुठलं लावायचं हा नवा प्रश्न. डेव्हलपरने स्ट्रिंगचे दोन तुकडे केले असतील तर भाषांतर थांबवा आणि जोडून मागा, तुटणाऱ्या क्रियापदाला तसं बसवताच येत नाही. 'शट डाउन'ला 'हेरुंटरफारेन', 'बूट अप'ला 'होखफारेन', 'बॅक अप'ला 'झिशेर्न'. 'डाउनलोडेन' लोक बोलतात पण त्याचं पर्फेक्ट 'डाउनगेलोडेट' का 'गेडाउनलोडेट' यावर जर्मनच अडखळतात, 'हेरुंटरलाडेन' लिहा आणि सुटा.

आणि 'साइन ऑफ' आलं तर आधी विचारा. मॅनेजरने मंजुरी दिली असेल तर 'फ्रायगेबेन', युजर बाहेर पडला असेल तर 'आबमेल्डेन'. एकदा इंग्रजी टीमला मेल टाकून स्क्रीनशॉट मागवला की काम होतं, आणि मागवताना 'सेटअप', 'लॉगइन' असे जोडून लिहिलेले शब्द पण यादीत घाला, कारण ते नाम असेल तर 'आयनरिश्टुंग', 'आनमेल्डुंग' आणि क्रियापद असेल तर 'आयनरिश्टेन', 'आनमेल्डेन', आणि इंग्रजी लिहिणारे मधली जागा कधी सोडतात कधी नाही.